चॉकलेटची सगळी गंमत त्याच्या तुपात आहे

तुम्ही एका दमात चार प्रश्न विचारलेत. चॉकलेट लहानांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना एवढं का आवडतं, ते मुळात आलं कुठून, डार्क-मिल्क-व्हाइट-कंपाउंड यात नक्की फरक काय, आणि न्यू जर्सीहून दिरांनी आणलेली चॉकलेटं फ्रीजमध्ये पांढरी पडलीत ती खायची की फेकायची. शेवटचं आधी सांगते, फेकू नका. का ते खाली येईलच. मी ठाण्यात १६ वर्षं चॉकलेटचं काम करतेय, सुरुवात दादरच्या एका तीन दिवसांच्या क्लासने झाली, तिथे जे शिकवलं ते चॉकलेट नव्हतंच हे मला कळायला पुढे दोन वर्षं गेली, त्यामुळे तुमचा गोंधळ मला अगदी समजतो.

गोंधळ शब्दापासूनच आहे. आपल्याकडे चॉकलेट म्हणजे काय, तर काहीही. शाळेत वाढदिवसाला पोरं वाटतात ते चॉकलेट, किराणावाला सुट्टे नाहीत म्हणून हातावर टेकवतो ते चॉकलेट, आणि दोन्ही वेळा कागद सोडला की आत साखरेची गोळी. त्यात कोकोचा कण नसतो. याला कारण पण आहे, आपल्या दोन-तीन पिढ्या गोळ्यांवरच वाढल्यात. विलेपार्ल्याचं पार्ले १९२९चं, ते आधी गोळ्याच करायचं, बिस्किटं नंतर. मालेगावजवळ वालचंद हिराचंदांनी रावळगावला साखर कारखाना काढला, साखर होतीच, मग १९४२ पासून गोळ्या पण सुरू केल्या. आणि खऱ्या चॉकलेटला आपण चॉकलेट म्हणतच नाही, त्याला म्हणतो कॅडबरी. "मला कॅडबरी हवी, अमूलची" हे वाक्य मी माझ्या पुतणीच्या तोंडून स्वतः ऐकलंय. हसण्यावारी नेऊ नका, याच घोळामुळे थंड हवेच्या ठिकाणी "होममेड चॉकलेट" नावाने काय वाटेल ते खपतं, त्याच्यावर येतेच.

आता का आवडतं. लोक लगेच मेंदू, हॅपी हॉर्मोन, प्रेमाचं केमिकल वगैरे सुरू करतात. चॉकलेटमध्ये फेनिलइथिलअमाइन नावाचा पदार्थ असतो हे खरं, पण खाल्लेल्यातलं बहुतेक सगळं मेंदूपर्यंत जायच्या आधीच शरीर मोडून टाकतं, त्यामुळे ती प्रेमाची भानगड व्हॅलेंटाइनला बॉक्स खपवायला बरी. थिओब्रोमीन असतं, थोडं कॅफिन असतं, त्याने जरा तरतरी येते, पण मग नुसती कोको पावडर चमच्याने खाऊन कोणाला चटक लागलेली बघितलीय का? नाही ना. माझं इतक्या वर्षांचं मत विचाराल तर चॉकलेटची सगळी गंमत त्याच्या तुपात आहे.

कोकोच्या बीमध्ये निम्मं, कधी निम्म्याहून थोडं जास्तच, तूप असतं. त्याला कोको बटर म्हणतात. या तुपाचा स्वभाव फार विचित्र आहे. आपलं गायीचं तूप घ्या, थंडीत घट्ट, जरा ऊन चढलं की अर्धं पातळ अर्धं कणीदार, मे महिन्यात तर पूर्ण पाणी, म्हणजे ते हळूहळू सोडत जातं. खोबरेल २४-२५ डिग्रीलाच पातळ. कोको बटर तसं नाही, ते नीट जमवलेलं असेल तर २५ डिग्रीला कडक असतं, कट्‌कन आवाज करून मोडतं, आणि साधारण ३४ डिग्रीला पूर्ण पातळ होतं. मधला टप्पा फार थोडा. आणि माणसाचं तोंड किती, ३६-३७. म्हणजे बशीत, दुकानात दगडासारखी असलेली वस्तू बरोबर जिभेवर गेल्यावरच विरघळते, त्याच्या आधी नाही आणि नंतर पण नाही. वितळताना ती जिभेची थोडी उष्णता ओढून घेते म्हणून किंचित गारवा लागतो, त्या तुपात अडकलेली साखर आणि कोकोचा कडवटपणा एकदम सुटतो, वास मागच्या बाजूने नाकात चढतो. हे सगळं दहा-पंधरा सेकंदांत. पेढा चावावा लागतो, बर्फी चावावी लागते, चॉकलेटला चावायची गरजच नाही, ते आपलं आपण होतं.

हे मी माझ्या क्लासमध्ये कसं दाखवते ते सांगते, घरी करून बघा. एका खऱ्या चॉकलेटचा आणि एका स्वस्त कंपाउंडचा, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तूप घातलेल्या प्रकाराचा, सारख्याच आकाराचा तुकडा घ्या, डोळे मिटून जिभेवर ठेवा आणि चावायचं नाही. एक पूर्ण जातं, तोंड स्वच्छ होतं आणि वास मागे राहतो. दुसरं पण जातं, पण टाळूला मेणासारखा थर राहतो, जीभ फिरवत बसावं लागतं. बायका पहिल्यांदा करतात तेव्हा गप्प होतात, मग एखादी म्हणते, अहो मॅडम मग आम्ही इतकी वर्षं काय विकत होतो.

इतिहास सांगायचा तर तोही मला या तुपाशी केलेल्या भांडणाचाच वाटतो. कोकोचं झाड मूळचं ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातलं. इक्वेडोरच्या दक्षिणेला सांता आना-ला फ्लोरिडा नावाची जागा आहे, तिथल्या जुन्या भांड्यांत कोकोचे अंश मिळालेत ते सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचे. पुढे मेक्सिको-ग्वाटेमालाच्या बाजूला मायन लोकांनी ते डोक्यावर घेतलं, ग्वाटेमालात रिओ अझुलला थडग्यात एक झाकणाचं भांडं सापडलं, त्यावर त्यांच्या लिपीत चक्क "काकाव" असं लिहिलंय आणि आतला लेप तपासला तर कोकोच निघाला. डब्यावर नाव लिहायची सवय जुनीच म्हणायची.

पण ही सगळी मंडळी चॉकलेट प्यायची, खायची नाहीत. बी भाजून, पाट्यावर वाटून, पाण्यात कालवून, त्यात मिरची, मका, फुलं घालून, आणि एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतून ओतून फेस काढायचा, फेस म्हणजे त्यातला मान. साखर नाही. अझ्टेकांच्या काळी तर कोकोच्या बिया म्हणजे पैसे. १५४५ सालची मेक्सिकोतल्या त्लाश्कालाची एक भावयादी आहे, त्यात चांगली टर्की कोंबडी १०० बियांना, ताजं ॲव्होकाडो ३ बियांना, तमाले म्हणजे मक्याच्या पिठाचा उकडलेला प्रकार, तो १ बीला. आणि जिथे पैसे तिथे खोटे पैसे आलेच, लोक बीचं साल फोडून आत माती भरून चालवायचे.

मिरची पण तिकडचीच बरं का. पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याला उतरली आणि आता तिच्याशिवाय आपला वरण-भातसुद्धा होत नाही, पेरू, सीताफळ, बटाटा, काजू सगळे तिकडूनच आले आणि आपलेच झाले. कोको मात्र पाहुणाच राहिला. मला वाटतं त्याचं कारण म्हणजे तो पिकवून भागत नाही, आंबवायला, भाजायला, दळायला लागतो, तेव्हा कुठे तोंडात घालण्यासारखा होतो.

स्पेनमध्ये तो कधी पोचला याची लेखी नोंद १५४४ची आहे, केक्ची मायन लोकांच्या प्रतिनिधींना डॉमिनिकन पाद्री राजपुत्र फिलिपच्या दरबारात घेऊन गेले तेव्हा भेटींमध्ये घुसळलेलं चॉकलेट होतं. तिकडे गेल्यावर त्यात साखर पडली, दालचिनी पडली, आणि मग एक मोठा वाद सुरू झाला जो आपल्याला फार जवळचा आहे, हे उपासाला चालतं का! अगदी आपल्याकडे साबुदाणा चालतो तर भगर का नाही, कोथिंबीर चालते का, तसा. पाद्री लोक वर्षानुवर्षं भांडले, शेवटी १७व्या शतकात ब्रँकाचो नावाच्या कार्डिनलने लिहून दिलं की पेयाने उपास मोडत नाही. सोय झाली.

पण पेय म्हणून त्याचा त्रास असा की बीमध्ये निम्मं तूप, ते पाण्यात मिसळणार कसं? वर तवंग यायचा. म्हणून तर तो सगळा फेस आणि घुसळण. १८२८ मध्ये नेदरलँड्सच्या व्हान हाउटेन यांनी प्रेसचं पेटंट घेतलं, दाब देऊन बियांतलं बरंचसं तूप पिळून काढायचं, राहिलेल्या पेंडीची पावडर. त्या पावडरला अल्कली लावली की ती गडद होते, आंबटपणा कमी होतो, दुधात नीट मिसळते, आज आपण केकला वापरतो ती डच कोको पावडर हीच. म्हणजे इतक्या शतकांनंतर तूप वेगळं काढलं. आता त्या तुपाचं करायचं काय? १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने उलटं केलं, वाटलेल्या कोकोत साखर आणि वरून ते पिळलेलं तूप अजून घातलं, तर मिश्रण साच्यात ओतता यायला लागलं, थंड झालं की वडी. खायचं चॉकलेट म्हणतो ते तिथून. माझ्या मते चॉकलेटच्या अख्ख्या इतिहासातली सगळ्यात मोठी अक्कल ही, की जे काढून टाकत होते तेच परत घालायचं.

दूध घालायला मात्र पुढची २८ वर्षं लागली. कारण तुम्ही कधी वितळलेल्या चॉकलेटमध्ये चुकून पाण्याचा थेंब पाडलाय का? क्षणात घट्ट खरखरीत गोळा होतो, आम्ही म्हणतो सीझ झालं. साखरेचे कण पाणी ओढतात आणि एकमेकांना चिकटतात. आणि दुधात तर ८७ टक्के पाणीच. स्वित्झर्लंडमध्ये व्हेव्हे गावात डॅनिएल पीटर नावाचा माणूस यावर वर्षानुवर्षं डोकं आपटत होता, शेवटी १८७५ मध्ये आटवलेल्या दुधाने जमवलं. दूध आटवायचं हे त्याला आपल्या कुठल्याही हलवायाने पाच मिनिटांत सांगितलं असतं असं मी नेहमी गमतीने म्हणते, खवा म्हणजे काय वेगळं आहे. त्यानंतर चारच वर्षांनी, १८७९ ला, बर्नच्या रुडोल्फ लिंटने कोंचिंग काढलं, म्हणजे चॉकलेट तासन्‌तास, कधी दोन-तीन दिवस, गरम ठेवून घोटत राहायचं. तो मशीन बंद करायला विसरला आणि सुट्टीनंतर येऊन बघतो तर काय, अशी गोष्ट सांगतात, खरीखोटी देव जाणे. पण घोटण्याने तूप प्रत्येक कणाला लपेटतं, व्हिनेगरसारखा आंबट वास उडून जातो आणि जिभेला कण लागत नाही. त्याच्या आधीचं चॉकलेट आज दिलं तर तुम्ही रवा पडलाय म्हणून परत कराल. मग १९०५ ला डेअरी मिल्क आलं, १९४८ ला कॅडबरी भारतात आली, पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

आता बी. कोकोचं झाड मी पहिल्यांदा तमिळनाडूत पोळ्ळाचीजवळ एका नारळाच्या बागेत बघितलं आणि फसलेच, मला वाटलं फांद्यांना आंब्यासारखी फळं असतील, तर फळं थेट खोडाला, फणसासारखी. बागवाल्यांनी कोयत्याने एक फोडलं. आत पांढऱ्या गराच्या ओळी, साधारण ३०-४० बिया, गर सीताफळ आणि लिचीच्या मधला, मी तीन-चार बिया चोखल्या आणि मग शहाणपणा करून एक चावली. कडू, तुरट, आणि चॉकलेटचा वास शून्य. आतून बी जांभळी! चॉकलेटची चव झाडावर नसतेच. ती खोक्यात तयार होते. गरासकट बिया लाकडी खोक्यांत भरून केळीच्या पानांनी झाकतात, ५-७ दिवस. आधी यीस्ट गरातली साखर खाऊन दारू करतात, मग दुसरे जंतू त्या दारूचं व्हिनेगर करतात, ढीग आपोआप तापतो, मी हात घातला तर पटकन काढला, ४५-५० डिग्री असतं आत. त्यात बी मरते, आतला जांभळा रंग तपकिरी होतो, आणि पुढे भाजल्यावर ज्याला आपण चॉकलेटचा वास म्हणतो त्याचा कच्चा माल तयार होतो. मग उन्हात वाळवायचं. बी उभी कापून बघतात, जांभळी दिसली तर आंबवणं अर्धवट, राखाडी पाटीसारखी दिसली तर आंबलीच नाही. इथे चूक झाली की पुढे स्विस मशीन आणा नाहीतर फ्रेंच शेफ, काही उपयोग नाही. इडलीचं पीठ आंबलंच नसेल तर कुकर चांगला असून काय.

भारतात कोको १७९८ला तमिळनाडूतल्या कुर्ताळमला लावला गेला, पण खरी लागवड १९६०च्या दशकापासून केरळात, नंतर कर्नाटक, तमिळनाडू, आंध्र, बहुतेक सगळा नारळ-सुपारीच्या सावलीत आंतरपीक. भाव कोसळल्यावर शेतकरी झाडं तोडायला लागले तेव्हा मंगळूरच्या कॅम्पको या सहकारी संस्थेने कोको उचलायला सुरुवात केली, ही संस्था १९७३ची, सुपारीवाल्यांची, आणि १९८६ मध्ये त्यांनी पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना टाकला. शेतकऱ्यांच्या मालकीचा चॉकलेट कारखाना जगात फार ठिकाणी नाही, आणि आपल्याकडे त्याचं कौतुक कोणी करत नाही, आपण बेल्जियम बेल्जियम करत बसतो. बेल्जियममध्ये कोकोचं झाड नाही हो. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोनच देशांतून येतो. तिथे पाऊस बिघडला, झाडांवर रोग पडला की ठाण्यात माझं बिल वाढतं, २०२४ मध्ये भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला, त्याआधी कित्येक वर्षं तो दोन-तीन हजारांत खेळत होता. त्या वर्षी दिवाळीचे रेट गिऱ्हाइकांना सांगताना मला घाम फुटायचा. आणि तिकडच्या शेतात लहान मुलं राबतात हा प्रश्न जुना आहे, अजून सुटलेला नाही, स्वस्त चॉकलेट स्वस्त का असतं याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

प्रकार. डार्क म्हणजे वाटलेला कोको, कोको बटर, साखर. मिल्क म्हणजे त्यात दुधाची पावडर. व्हाइट म्हणजे फक्त कोको बटर, दूध, साखर, त्यात कोकोचा तपकिरी भाग अजिबात नाही, म्हणून काही लोक त्याला चॉकलेटच मानत नाहीत, मी मानते, कारण तूप आहे ना. गुलाबी रुबी नावाचं २०१७ मध्ये आलं, थोडं आंबट, बेरीसारखं, दिसायला छान, खायला मला तरी एकदाच पुरे. इटलीत तुरीनकडे हेझलनट वाटून घातलेलं जानदूया असतं, ते नेपोलियनच्या काळात कोको मिळेना म्हणून तिथलेच हेझलनट घालून ताणलेलं असं म्हणतात, पण चवीला अप्रतिम, टंचाईतून आलेल्या पदार्थांचं असंच असतं, आपलं पिठलं बघा. आणि कुव्हर्चर हा शब्द ऐकाल, ते काही वेगळं चॉकलेट नाही, त्यात कोको बटर जास्त, किमान ३१ टक्के, म्हणून ते पातळ होतं आणि साच्यात पातळ कवच पडतं.

टक्क्यांबद्दल एक गैरसमज काढून टाका. ७० टक्के म्हणजे बीपासून आलेलं सगळं मिळून ७०, त्यात कोको पण आला आणि तूप पण. त्यामुळे दोन कंपन्यांचं ७० टक्के एकदम वेगळं लागू शकतं, एकाने तूप जास्त घातलं तर ते मऊ, दुसऱ्याने कमी घातलं तर कडूजहर. आकडा चांगल्या-वाईटाचा नाही, साखर किती ते सांगणारा आहे. १०० मधून ७० वजा केले की उरते ती जवळपास सगळी साखर, एवढं लक्षात ठेवा.

आणि कंपाउंड. यात कोको बटर काढून त्याच्या जागी हायड्रोजनेटेड वनस्पती तूप, बहुतेक पाम कर्नलचं, आणि चवीला कोको पावडर. वाईट आहे असं मी म्हणणार नाही, ते सोपं आहे, वितळवा, ओता, गार करा, झालं, आपल्या हवेत टिकतं, किंमत कमी. पण ते चॉकलेट नाही. "होममेड" म्हणून जे रंगीत चौकोन किलोवर मिळतात ते बहुतेक वेळा हेच, घरी काय केलं तर वितळवून साच्यात ओतलं. पाकिटाच्या मागे बघा, कोको बटर लिहिलंय का "हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट" पहिल्या दोन-तीन शब्दांत आहे. बोर्डावर काय लिहिलंय ते वाचू नका, पाकिटाची पाठ वाचा.

इथे कोकणाचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. युरोपच्या कायद्यात चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय दुसरं तूप ५ टक्क्यांपर्यंतच चालतं, आणि तेही ठरवून दिलेल्या सहाच झाडांचं. त्या सहांत एक आहे कोकम आणि एक आहे आंब्याची कोय! म्हणजे आपली आजी टाचेच्या भेगांना लावायची ते भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तूप, तो पांढरा गोळा, ब्रसेल्सच्या कागदावर आहे. कारण कोकमाच्या तुपाची घडण कोको बटरच्या जवळची आहे, ते त्याच्यात मिसळतं, भांडत नाही, आणि ते जरा जास्त तापमानाला वितळतं म्हणून चॉकलेटला उन्हात दम देतं. मी मे महिन्यात ट्रफलच्या, म्हणजे आत मऊ सारण असलेल्या चॉकलेटच्या, कवचात तीन टक्के रिफाइन्ड कोकम बटर घालते. गावचं भिरंडेल घालू नका, वास येतो, मी घालून बघितलंय, घरात कोणी खाल्लं नाही. आणि तीनचं सहा केलं तर तोच मेणाचा थर टाळूला, म्हणजे परत आपण कंपाउंडकडेच चाललो.

आता तुमची पांढरी चॉकलेटं. मघाशी म्हटलं तसं कोको बटर नीट "जमवलेलं" लागतं. ते सहा प्रकारे थिजू शकतं, सहा वेगवेगळे रवे, आणि त्यातला पाचवाच आपल्याला हवा असतो, तोच चमकतो, तोच कट्‌ वाजतो. तूप कढवणाऱ्या बायकांना हे पटकन कळतं. तूप हळूहळू गार केलं की रवाळ होतं आणि आपल्याला ते आवडतं, चॉकलेटमध्ये बरोबर उलटं, रवा दिसायलाच नको. म्हणून टेंपरिंग करतात. डार्क असेल तर ४५-५० डिग्रीपर्यंत वितळवून सगळे जुने रवे मोडायचे, मग ढवळत २७-२८ पर्यंत खाली आणायचं, आणि परत ३१-३२ ला चढवायचं, म्हणजे नको ते रवे वितळतात आणि पाचवे राहतात. मिल्कला शेवटचा आकडा २९-३०, व्हाइटला त्याच्याहून एक डिग्री कमी. घरी करायचं तर दोन भाग वितळवा आणि एक भाग न वितळलेलं बारीक चिरून हळूहळू घालत ढवळा, चांगले रवे त्यातूनच येतात, विरजणासारखं. सुरीच्या टोकावर थोडं घेऊन बाजूला ठेवा, ४-५ मिनिटांत चमकदार घट्ट झालं तर जमलं. थर्मामीटर नसेल तर खालच्या ओठाला लावून बघायचं, किंचित गार लागलं पाहिजे.

माझी यातली सगळ्यात महागडी शिकवणी गणपतीतली. तिसरं वर्ष होतं, एका सोसायटीची चॉकलेट मोदकांची ४०० नगांची ऑर्डर, चतुर्थीच्या आदल्या रात्री साचे भरून ठेवले आणि लाइट गेली. एसी बंद. बाहेर पाऊस, खोली हळूहळू तापत ३० च्या वर गेली, साच्यातलं चॉकलेट अर्धवट सुटलं, पहाटे लाइट आली, परत थिजलं, पण आपल्या मर्जीने थिजलं. सकाळी मोदक साच्यातून निघेचनात, जे निघाले त्यांच्या कळ्यांवर राखाडी-पांढरे ढग, जणू भस्म लावलंय. नवरा म्हणाला, बुरशी आली. बुरशी नव्हती. तूप आतून सुटून वर आलं आणि भलत्या रव्यात जमलं, याला फॅट ब्लूम म्हणतात. मी रडत रडत सगळे परत वितळवले, टेबलफॅन इन्व्हर्टरवर लावून परत जमवले, दुपारच्या आरतीला २६० पोचले, बाकीचे पैसे परत दिले. तेव्हापासून गणपतीत माझ्याकडे बर्फाच्या लाद्या आणि एक दिवस हातात असल्याशिवाय ऑर्डर घेत नाही.

तुमच्या दिरांच्या बॅगेत बहुतेक तेच झालंय. विमानातून उतरून टॅक्सीत, डिकीत, घरी येईपर्यंत चॉकलेट मऊ झालं, मग तुम्ही फ्रीजमध्ये टाकलं. बोटाने पुसून बघा, पांढरं बोटाखाली वितळून गायब झालं तर तूप आहे. खरखरीत लागलं तर साखर, म्हणजे शुगर ब्लूम, फ्रीजमधून काढल्यावर वर दव बसतं, त्यात वरची साखर विरघळते आणि वाळली की कणी राहते. दोन्हीत आरोग्याला काही नाही, फक्त चमक गेली, आवाज गेला, तोंडात जरा भुसभुशीत लागेल. आणि ते अमेरिकन मिल्क चॉकलेट किंचित आंबूस लागलं तर खराब झालंय असं समजू नका, तिकडच्या काही चॉकलेटांची चवच तशी असते, दूध हाताळायच्या पद्धतीमुळे, तिकडच्या लोकांना तीच घरची वाटते.

डार्क चॉकलेट औषध म्हणून खाऊ का असं सासूबाई विचारताहेत असं लिहिलंय तुम्ही. औषध नाही, खाऊ आहे. दोन चौकोन आवडीने खाऊ द्या, शुगर असेल तर डॉक्टरांना विचारून. शुगर-फ्रीवर जास्त भरवसा ठेवू नका, त्यात बऱ्याचदा माल्टिटॉल असतं, जास्त खाल्लं की पोट बिघडतं, आणि शुगर-फ्री म्हणून लोक जास्तच खातात. घरात कुत्रा असेल तर मात्र डबा उंचावर, थिओब्रोमीन कुत्र्यांना झेपत नाही, डार्क तर अजिबात नाही.

ठेवायचं कसं म्हणाल तर १८-२० डिग्री, कोरडं, आणि मसाल्याच्या डब्यांपासून लांब, कारण ते तूप आहे, हिंगाचा वास दोन दिवसांत ओढेल. मुंबई-ठाण्यात मार्च ते ऑक्टोबर फ्रीजशिवाय इलाज नाही हे मान्य. मग मूळ कागदावर अजून एक प्लॅस्टिकची पिशवी, ती घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा फ्रीजच्या दारात, फ्रीझरमध्ये कधीच नाही. खायच्या आधी डबा बाहेर काढून अर्धा तास न उघडता तसाच ठेवायचा, म्हणजे दव डब्यावर बसेल, चॉकलेटवर नाही. पोरांना तेवढा धीर नसतो, माझ्या घरी पण नाही.

आणि पांढरी पडलेली एवढी असतील की खाववत नसतील, तर एक कप दुधाला चार-पाच तुकडे, दूध गरम झालं की गॅस बंद करून त्यात टाका, मिनिटभर हात लावू नका, मग रवीने घुसळा, चांगला फेस येईपर्यंत. हवी तर चिमूटभर मिरपूड.